जांभळ्या रंगाच्या पलीकडे टर्की

नमस्कार मंडळी! अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात एप्रिल उजाडला की जंगली टर्की पक्ष्याच्या शिकारीचा वसंतातला सीझन लागतो, आणि इथं बरंचसं रान कुणाच्या ना कुणाच्या मालकीचं, म्हणून पहिली गोष्ट, परवानगी. परत सांगतो, परवानगी! झाडाच्या बुंध्यावर जांभळा पट्टा दिसला म्हणजे आत यायचं नाही, पाटी असो नसो, इथे तसा कायदाच आहे.

आता आवाज. नराला बोलवायला मादीचा आवाज काढायचा. जुनी पद्धत म्हणजे टर्कीच्याच पंखाच्या हाडांची नळी, ती फुंकायची नाही, ओठांनी हवा आत ओढायची. आणि दुसरी ती लांबट लाकडी डबी, १८९७ साली आर्कान्सामधल्या गिब्सनने पेटंट घेतलेली, झाकणाला खडू लावून कडेवर घासलं की 'टिऑक टिऑक'. खडू साधा, तेल नसलेला. (मोबाईलवरचे रेकॉर्डेड आवाज इथे चालत नाहीत, आणि बरंच आहे, सगळंच मोबाईलवर कशाला हवं? परवा एकाकडे देवपूजेची घंटापण मोबाईलवर वाजली. असो.)

तर मी पहिल्यांदा गेलो ते आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याबरोबर. मी त्यांना काकाच म्हणतो, त्यांना वाटतं ते माझ्या भाषेतलं 'सर' आहे. अंधारात निघालो, डबी माझ्या जॅकेटच्या खिशात, आणि मी पाऊल टाकलं की खिशातून 'टिऑक'! काका थांबले, त्यांच्या खिशातून रबर काढलं, आपलं कोथिंबिरीच्या जुडीला असतं तसलं, डबीला गुंडाळलं, एक शब्द बोलले नाहीत. पण तेवढ्यात समोरच्या टेकाडावरून नराने उत्तर दिलं, गडगडाट नुसता! माझ्या चालण्याला भुलला होता तो.

झाडाला पाठ टेकून बसलो. काकांनी दोनदाच घासलं आणि डबी मांडीवर ठेवली. मी खुणावतोय अजून वाजवा, अजून वाजवा, ते मानेनेच नाही. कमी वाजवायचं मंडळी, कमी! एरवी मादी नराकडे जाते, इथं आपण उलटं मागतोय, म्हणून तो थोडा येतो आणि थांबून वाट बघतो. हा थांबला तो नेमका जांभळ्या पट्ट्याच्या पलीकडे. पिसारा फुलवून, लाल-निळं डोकं, वीस मिनिटं तिथेच येरझाऱ्या, आमच्यापासून तीस पावलं असेल नसेल. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण हलायची सोय नाही, त्याची नजर फार तीक्ष्ण. काकांनी बंदूक उचललीच नाही. शेवटी पलीकडून खरी मादी आली आणि याला घेऊन गेली.

(हो, आणि लाल-निळं-पांढरं काही घालून जाऊ नका, नराच्या डोक्याचे रंग तेच, आणि नुसत्या आवाजावर गोळी झाडणारे महाभागही असतात!)

रविवारी मी त्या पलीकडच्या मालकाकडे चकल्यांचा डबा घेऊन गेलो, पुढच्या वर्षीची परवानगी मागायला. टर्कीला नाही म्हणाला, डबा ठेवून घेतला.