प्रश्न कसा विचारला होता?

श्रोतेहो, नमस्कार.

आरोपी माझ्यासमोर येऊन बसला की मी त्याला सगळ्यात आधी जे सांगते, तेच आज तुम्हालाही आधी सांगते. "मी मानसशास्त्रज्ञ आहे, पण तुमच्यावर उपचार करायला आलेले नाही. तुम्ही इथे जे बोलाल ते माझ्यापाशी गुप्त राहणार नाही. ते अहवालात येईल आणि अहवाल कोर्टात जाईल. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका." एवढं सांगून झालं की मी म्हणते, "आता मी काय म्हणाले, ते तुमच्या शब्दांत सांगा बघू." पुष्कळदा उत्तर येतं, "तुम्ही डॉक्टर आहात, मला सोडवायला आलात." मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगते. कधी दोनदा, कधी चारदा. त्याला हे नीट कळल्याशिवाय पुढचा एकही प्रश्न मी विचारत नाही. कारण समोर कोण बसलंय आणि आपलं बोलणं कुठे जाणार आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्याकडून काढलेलं उत्तर कितीही खरं असलं तरी न्यायाच्या कामाचं नाही.

या शास्त्राला न्यायसहायक मानसशास्त्र म्हणतात. नाव काढलं की लोकांना वाटतं, गुन्हेगाराच्या डोळ्यांत बघून त्याच्या मनातलं ओळखणारी ही माणसं. तसं कुणालाच येत नाही. खरं-खोटं नुसतं बघून-ऐकून ओळखण्यावर जगभरात झालेले शेकडो प्रयोग २००६ मध्ये एकत्र करून तपासले गेले. त्यांत सुमारे २४ हजार माणसांनी दिलेले निवाडे होते. बरोबर किती निघाले? शंभरात ५४. नाणं उडवलं असतं तर पन्नास आलेच असते. आणि ज्यांचा व्यवसायच खोटं पकडण्याचा आहे, तेही या आकड्याच्या फारसे वर गेले नाहीत. नजर चुकवली, हात थरथरले, घाम आला, म्हणजे माणूस खोटं बोलतोय, ही समजूत फार जुनी आहे आणि तिने निरपराध माणसांचं फार नुकसान केलंय. घाबरलेला माणूस थरथरतोच, मग तो गुन्हेगार असो वा नसो.

मग आम्ही करतो काय? एक काम फार जुनं आहे. १८४३ च्या जानेवारीत लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर पाठीमागून गोळी झाडली. ड्रमंड काही दिवसांत दगावले. सत्ताधारी पक्ष आपल्या जिवावर उठलाय, असा मॅकनॉटनचा पक्का भ्रम होता. वेडाच्या कारणावरून ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवलं आणि देशभर गदारोळ झाला. त्यातून न्यायाधीशांनी जो नियम घालून दिला तो आज अनेक देशांच्या कायद्यांत या ना त्या रूपात आहे: मनाच्या आजारामुळे आपण काय करतोय हे माणसाला कळत नसेल, किंवा ते चूक आहे हे कळत नसेल, तर त्याला गुन्ह्यासाठी जबाबदार धरता येत नाही. "वेड्याचं सोंग घेतलं आणि सुटला" असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढचंही ऐकावं. मॅकनॉटन घरी गेला नाही. १८६५ मध्ये मरेपर्यंत तो बंदिस्त वेड्यांच्या इस्पितळातच होता.

सोंगाचं म्हणाल, तर ते ओळखण्याच्या रीती आहेत आणि त्यांतली एक मला फार आवडते. आठवण गेल्याचं सांगणाऱ्या माणसाला पन्नास साधी चित्रं दाखवतात. मग प्रत्येक चित्र दुसऱ्या एका नव्या चित्राशेजारी ठेवून विचारतात, यातलं मघाशी कुठलं पाहिलंत? चाचणी अवघड वाटते, पण ती इतकी सोपी आहे की खरोखर स्मरणदोष असलेले बरेच लोकही तिच्यात चांगले गुण मिळवतात. आता गंमत पाहा. ज्याला काहीच आठवत नाही आणि जो डोळे मिटून बोट ठेवतो, त्याचीही निम्मी उत्तरं बरोबर येणार. मग एखाद्याची पन्नासपैकी दहाच बरोबर आली, तर? तेवढी चुकवायला बरोबर उत्तर आधी ठाऊक असावं लागतं. इथे कुणी डोळ्यांत डोळे घालून बघितलेलं नाही. साधं गणित आहे.

आरोपी खटल्याला उभा राहण्याच्या स्थितीत आहे का, आपल्यावरचा आरोप त्याला समजतो का, वकिलाशी तो धड बोलू शकतो का, हे पाहणं हाही आमच्या रोजच्या कामाचा मोठा भाग. त्याच्या बातम्या होत नाहीत, म्हणून त्याबद्दल आज एवढंच.

ज्या विषयासाठी मी आज मुख्यतः बोलतेय तो दुसराच. मानसशास्त्राने न्यायाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट आरोपीच्या मनाबद्दलची नाही, असं माझं ठाम मत आहे. साक्षीदाराच्या मनाबद्दल, पोलिसाच्या मनाबद्दल, न्यायाधीशाच्या मनाबद्दल आम्ही जे शिकलो, ते जास्त मोलाचं आहे.

१९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि वेगाचा अंदाज विचारला. काहींना विचारलं, "गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता?" काहींना विचारलं, "गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा?" फीत तीच, फरक एका क्रियापदाचा. पहिल्यांचा अंदाज ताशी सुमारे ४१ मैल, दुसऱ्यांचा सुमारे ३२. पुढच्या प्रयोगात आठवड्याने पुन्हा बोलावून विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? काचा फितीत नव्हत्याच. पण "आदळल्या" ऐकलेल्या पन्नासपैकी सोळा जणांना त्या आठवल्या, सौम्य शब्द ऐकलेल्या पन्नासांत फक्त सात जणांना. हे सोळा जण खोटं बोलत नव्हते, हे लक्षात घ्या. त्यांच्या आठवणीत काचा होत्या. प्रश्नानेच त्या तिथे आणून टाकल्या होत्या.

प्रयोगशाळेत काचा येतात, खऱ्या जगात माणूस तुरुंगात जातो. १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात एका बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीवर घरात घुसून बलात्कार झाला. अत्याचार चालू असतानाही तिने हल्लेखोराचा चेहरा निरखून लक्षात ठेवला, जगले तर याला शिक्षा करवीन म्हणून. पोलिसांनी फोटो दाखवले. तिने बराच वेळ बघून रोनाल्ड कॉटन याच्या फोटोवर बोट ठेवलं. काही दिवसांनी ओळखपरेड झाली, तिथेही तिने त्यालाच निवडलं. मग तिला सांगण्यात आलं, फोटोतही तुम्ही हाच ओळखला होता. कोर्टात ती उभी राहिली तेव्हा तिच्या मनात शंकेला जागाच उरली नव्हती. पुढे कॉटनवर दुसऱ्यांदा खटला चालला तेव्हा खरा गुन्हेगार बॉबी पूल तिच्यासमोर आणला गेला. तिने त्याला ओळखलं नाही. याला मी कधी पाहिलेलंच नाही, असं तिने सांगितलं. १९९५ मध्ये डीएनए तपासणी झाली आणि कॉटन निर्दोष सुटला. दहा वर्षांहून अधिक काळ तो आत होता.

तिला दोष देण्याचं मला धाडस होत नाही. तिने सगळं मनापासून केलं. पण ओळखपरेडच्या रांगेत फोटोंमधला फक्त एकच जण पुन्हा दिसत होता, कॉटन. चेहरा ओळखीचा वाटला, तो कुठून ओळखीचा हे मनाने वेगळं ठेवलं नाही. आणि वरून मिळालेल्या त्या एका शाबासकीने अंदाजाची खात्री करून टाकली. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये नेमकं हेच तपासलं. चुकीचा माणूस निवडलेल्या साक्षीदारांतल्या काहींना "छान, संशयित तुम्ही ओळखलात" एवढंच म्हटलं. त्या लोकांची खात्री तर वाढलीच, पण आपण हल्लेखोराला नीट पाहिलं होतं, चेहऱ्याचे बारकावे स्पष्ट दिसले होते, आपलं पूर्ण लक्ष होतं, असंही ते सांगू लागले. एका वाक्याने मागचा सगळा प्रसंग उजळ झाला!

म्हणून आता जिथे जिथे या शास्त्राचं ऐकलं जातं तिथे नियम बदललेत. परेड घेणाऱ्या अंमलदाराला संशयित कोण हे स्वतःलाच माहीत नसावं, म्हणजे त्याच्या भुवईतूनही इशारा जाणार नाही. साक्षीदाराला आधी सांगावं, "तो माणूस यांच्यात असेल किंवा नसेलही." आणि खात्री किती, हे त्याच क्षणी, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. यांतल्या कशालाच पैसा लागत नाही. आपल्या हातून नकळत इशारा जाऊ शकतो, एवढं कबूल करावं लागतं, आणि तेच लोकांना जड जातं.

आता कबुलीजबाब. न केलेला गुन्हा कोण कबूल करील, हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर विचारला जातो. अमेरिकेत डीएनएने निर्दोष ठरलेल्या शेकडो माणसांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याच्या प्रकरणांत खोटी कबुली किंवा स्वतःच्या अंगाशी आलेलं विधान होतं. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तरुणीवर भयंकर हल्ला झाला. चौदा ते सोळा वर्षांच्या पाच मुलांची तासन् तास चौकशी झाली. कबुल्या आल्या, त्यांतल्या चार कॅमेऱ्यावर. सापडलेला डीएनए पाचांपैकी कुणाचाच नव्हता, तरी त्यांना शिक्षा झाली. २००२ मध्ये दुसऱ्याच कैद्याने गुन्हा कबूल केला आणि डीएनए त्याचा निघाला. त्या मुलांच्या चौकशीत कॅमेरा अगदी शेवटी सुरू झाला होता. आधीचे तास कुणीच पाहिले नाहीत. झोप नाही, आई-बाप धड जवळ नाहीत, एकदा हो म्हण आणि घरी जा. सोळा वर्षांच्या मुलाला त्या क्षणी घर दिसतं, तुरुंग दिसत नाही.

कोण किती लवकर दबतो, हे मोजण्याची एक कसोटी मानसशास्त्रज्ञ गिस्ली गुड्यॉन्सन यांनी १९८४ मध्ये बांधली. हे आइसलंडचे, पूर्वी स्वतः पोलीस तपासात होते. माणसाला एक गोष्ट वाचून दाखवायची, मग वीस प्रश्न विचारायचे, त्यांतल्या पंधरांत खोटं गृहीत धरलेलं. उत्तरं झाली की शांतपणे पण ठामपणे म्हणायचं, तुमच्या बऱ्याच चुका झाल्यात, पुन्हा सांगा. दुसऱ्या फेरीत त्याने किती उत्तरं बदलली, ते मोजायचं. काही माणसं एकही बदलत नाहीत. काही मात्र एकामागून एक बदलत जातात, माफी मागत मागत. ती माफी ऐकताना मला दरवेळी पोटात कालवतं. बंद खोलीत याच माणसाचं काय झालं असेल?

आमच्या शास्त्राचा एक काळा कोपराही सांगितला पाहिजे. "हा माणूस पुन्हा खून करील का?" असं कोर्ट विचारतं आणि तज्ज्ञाला उत्तर देण्याचा मोह होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९८३ मध्ये थॉमस बेअरफूटचं प्रकरण आलं. मनोविकारतज्ज्ञ जेम्स ग्रिग्सन यांनी त्याला एकदाही न तपासता, वकिलाने मांडलेल्या काल्पनिक वर्णनावरून, तो पुढेही घातक ठरेल हे शंभर टक्के सांगितलं होतं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने स्वतःहून कोर्टाला कळवलं की असे दूरचे अंदाज तीनपैकी दोनदा चुकतात. कोर्टाने तरी ती साक्ष ग्राह्य धरली. पुढच्या वर्षी बेअरफूटला मृत्युदंड दिला गेला. त्याचा गुन्हा गंभीर होता, एका पोलिसाचा खून. पण "मला सांगता येणार नाही" हे एक वाक्य कुणी तज्ज्ञ त्या साक्षीच्या पिंजऱ्यात म्हणाला असता, तर ते खरं ठरलं असतं. आज आम्ही टक्केवारीत आणि अटी घालून बोलतो, तरीही हे वाक्य म्हणायला अजून पुष्कळांची जीभ वळत नाही.

जाता जाता तुमच्या कामाचं एक. उद्या तुमच्या डोळ्यांदेखत एखादा अपघात किंवा गुन्हा घडला, तर तिथल्या लोकांशी चर्चा करण्याआधी, त्याचे व्हिडिओ पाहण्याआधी, कागद घ्या आणि आठवेल तसं लिहून काढा. काय दिसलं, काय ऐकू आलं, किती अंतरावरून, उजेड कसा होता. जे नीट दिसलं नाही ते "दिसलं नाही" असंच लिहा, मोकळी जागा अंदाजाने भरू नका. खाली तारीख आणि वेळ टाका. पुढे कुणी तुम्हाला विचारलं, "काचा फुटल्या होत्या ना?", तर उत्तर देण्याआधी तो कागद बघा.

नमस्कार.