इंचभर खाली

सिग्नलला गाडी थांबली, की डावा चवडा जमीन शोधतो. टाच अधांतरी. खाली खडी असेल, रस्ता जरा कलता असेल, तर अडीचशे किलोंची क्रूझर, म्हणजे लांब, बसकी मोटरसायकल, त्या चार बोटांवर सावरायची. ‘मागून इंचभर खाली घेऊ या’ हा विचार डोक्यात शिरतो तो अशा वेळी. दुसरं कारण कुणी चटकन कबूल करत नाही: बसकी गाडी देखणी दिसते.

मागच्या चाकाचे धक्के जिरवणारे दोन शॉक असलेल्या गाडीत काम तसं किरकोळ. गाडी जॅकवर घ्यायची, चार बोल्ट सोडायचे, आखूड शॉक लावायचे. काही जण शॉक तेच ठेवतात आणि ब्रॅकेट लावून त्यांचं खालचं टोक मागे सरकवतात. हा स्वस्तातला मार्ग मला पटत नाही. शॉक फार आडवा झाला की तीच स्प्रिंग मऊ पडते.

हार्ले-डेव्हिडसनच्या सॉफ्टेल या जुन्या क्रूझरचं तर सगळंच उफराटं. 1984 च्या मॉडेलपासून तिचे शॉक गिअरबॉक्सखाली आडवे दडवलेले. चाक वर गेलं की ते दबायच्या ऐवजी ताणले जातात. त्यामुळे ती गाडी खाली करायची, तर शॉक लांब करावा लागतो! 2018 च्या मॉडेलला सीटखाली एकच शॉक आला, आणि हा घोळ संपला.

आता आपण लावलेल्या आखूड शॉकच्या चकचकीत दांड्याकडे बघा. त्यावर प्लास्टिकची एक केबल टाय आवळली आहे. शॉक दबला की टाय ढकलली जाते आणि तिथेच अडकून राहते. चाक किती वर आलं होतं, ते नंतर निवांत मोजता येतं.

समजा, चाकाला वरखाली व्हायला 80 मिलिमीटर जागा होती. माणूस नुसता बसला की त्यातली पाव ते तृतीयांश संपते. ती संपायलाच हवी. आखूड शॉकने आणखी 25 मिलिमीटर खाल्ले. खड्ड्यांसाठी उरलं काय? अंगठ्याच्या पेराएवढं. एवढ्यात दणका जिरवायचा तर स्प्रिंग कडक हवी. जुनीच ठेवली, तर शॉक थेट आतल्या रबरावर आदळतो आणि ठणका पाठीच्या मणक्यात उतरतो.

ब्रॅकेटवाल्यांची पंचाईत वेगळी. त्यांचं चाक पूर्वीपेक्षा जास्त वर येतं आणि टायर मडगार्डला आतून घासू शकतो. म्हणून स्प्रिंग काढून नुसते शॉक बसवायचे, चाक जॅकने पार वर न्यायचं आणि टॉर्च घेऊन आत बघायचं. मडगार्डच्या बोल्टची टोकं, टेललाइटची वायर... टायर आधी यांनाच गाठतो.

बाकीचे हिशेब मागाहून कळतात. दोन चाकांत 1500 मिलिमीटर अंतर असेल आणि मागची बाजू 25 ने उतरली, तर पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, जवळपास एक अंशाने जास्त कलतो. हँडल जडावतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. फोर्कच्या नळ्या त्यांना वर आवळून धरणाऱ्या क्लॅम्पमधून थोड्या वर सरकवल्या तर बरंचसं जुळतं. वळणावर फूटबोर्ड लवकर घासतो, त्याला मात्र इलाज नाही. चेनचा ताण पुन्हा बघायचा.

आणि साइड स्टँड! गाडी खाली आली, स्टँड तेवढाच राहिला. मग ती जवळजवळ ताठ उभी राहते. माझी अशीच एकदा सीट पुसताना उजवीकडे कलंडली. आरसा गेला, लिव्हर वाकला. तेव्हापासून शॉकच्या आधी मी स्टँड कापून आखूड करून घेतो.

गाडी फेरी मारून आली. उतरताना टाच पूर्ण टेकली, चालवणारा खूश. मेकॅनिक मात्र गुडघ्यावर बसून शॉकचा दांडा बघतोय. टाय पार टोकाला जाऊन रबराला चिकटली आहे.

तो उठतो आणि गाडी पुन्हा जॅकवर घेतो.