माझगावची इस्रायलाइट शाळा

[माझगाव. शाळा भरण्याची वेळ. दप्तरं, डबे, फाटकावरची पाटी.]

पाटीवर नाव आहे सर एली कदूरी. १८७५ साली ही शाळा सुरू झाली तेव्हा नाव होतं इस्रायलाइट स्कूल. काढणारे हाईम सॅम्युएल केहिमकर. आडनावातच अलिबागजवळचं किहीम आहे.

[कोकण किनारा. जुना तेलघाणा.]

बेने इस्रायल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, याच किनाऱ्यावरचे. घाण्यावर तेल काढणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. पोटापाण्यासाठी मुंबईत आली. घरात मराठी, शनिवार पाळलेला, पण हिब्रू, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथांची भाषा, जवळजवळ विसरलेली. ती शिकवायला पुढे आले मिशनरी. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत लिहिलं. समाजानं व्याकरण घेतलं, धर्मांतर बहुतेकांनी घेतलं नाही! केहिमकरांना वाटलं, आपली मुलं आपल्याच शाळेत शिकावीत. मराठी, इंग्रजी आणि सोबत हिब्रू.

[जुन्या हिब्रू-मराठी प्रार्थनापुस्तकाची पानं.]

पाचवी ते सातवीच्या वयात हिब्रूचा भार सगळ्यात जास्त. तेराव्या वर्षी मुलाची बार मित्स्वा हा विधी. त्यानंतर धर्माच्या आज्ञा पाळण्याची जबाबदारी त्याची स्वतःची. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, सर्वांसमोर तोरा हा धर्मग्रंथ वाचायचा. मराठी डावीकडून, हिब्रू उजवीकडून. पुस्तकात अक्षरांच्या खाली-वर टिंबं-रेघा असतात, त्यावरून स्वर कळतो. तोराच्या चर्मपत्राच्या गुंडाळीत तीही नसतात.

[गुंडाळी उलगडते. ओळीवरून सरकणारी चांदीची कांडी.]

काना, मात्रा, वेलांटी पुसलेलं मराठीचं पान वाचायला द्यावं, तसं हे. वर चाल ठरलेली, आणि तिच्याही खुणा पानावर नाहीत. बोट टेकवायचं नाही, कांडीनं ओळ धरायची. मुलगा अडला तर शेजारी उभा असलेला जाणता शब्द सांगतो. उरलेलं पाठांतर. कारकुनाच्या, सुताराच्या, पलटणीतल्या शिपायाच्या घरी हे करून घेणार कोण? ते शाळेच्या गळ्यात पडलं. आज याला स्टुडंट सपोर्ट म्हणतात, त्यासाठी वेगळी माणसं नेमतात. तेव्हा तो मास्तरांच्या कामाचाच भाग होता.

पैशाचं काय? वर्गणीवर भागेना. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशननं हात दिला. पुढे शाळा हायस्कूल झाली. १९३० च्या दशकात एली कदूरींच्या देणगीनंतर तिला त्यांचं नाव मिळालं. कदूरी बगदादचे. शांघाय आणि हाँगकाँगमध्ये व्यापार करून मोठे झालेले. मराठीशी त्यांचा काही संबंध नव्हता. स्वतः बगदादच्या ज्यू शाळेत शिकले होते, एवढं मात्र खरं.

[वर्ग. फळा. मुलं हात वर करतात.]

१९४८ मध्ये इस्रायल झालं आणि घरंच्या घरं तिकडे गेली. आज या वर्गांत बहुतेक मुलं मुस्लिम घरांतली आहेत.

मुंबईत राहिलेल्या बेने इस्रायल मुलांची बार मित्स्वाची तयारी आता शाळेबाहेर होते. घरी, सिनेगॉगमध्ये, ज्याला जसा शिकवणारा मिळेल तशी.