कळत होतं, तरी केलं

नमस्कार श्रोतेहो.

भाऊबीज झाली, धान घरात आलं, की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू होतात. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतली गावं पालथी घालतात आणि होळीपर्यंत हा हंगाम चालतो. नाटक रात्रभर रंगतं हे खरंच. पण मला जास्त ओढ असते ती पहाटे चहाच्या टपरीवर भरणाऱ्या न्यायालयाची. कोणत्या पात्राचं चुकलं, किती चुकलं, यावर तिथे हमरीतुमरी होते. आणि हे न्यायाधीश फारसे चुकत नाहीत, असं माझं मत आहे.

समजा, नाटकात एक सावकार आहे. त्याच्या सांगण्यावरून त्याचा गडी एका शेतकऱ्याच्या तणसाच्या गंजीला आग लावतो. गडी बिचारा डोक्याने अधू. मालक म्हणाला पेटव, याने पेटवली आणि जाळ पाहून टाळ्या पिटल्या. तिसरा आहे दिवाणजी. चार बुकं शिकलेला. कर्जाचा कागद खोटा आहे हे त्याला पक्कं ठाऊक, कारण तो त्यानेच लिहिलाय. रात्री तो एकटा रंगमंचावर येतो, ‘माझ्या हातून पाप होतंय’ म्हणून रडतो, आणि सकाळी दुसरा खोटा कागद लिहायला बसतो.

आता काडी ओढली कोणी? गड्याने. पण टपरीवर गड्याला कोणी शिवी देत नाही. सावकाराला देतात, पण ती सवयीची. खरा संताप निघतो दिवाणजीवर. ‘त्याले तं सारं समजत होतं ना जी! मंग कावून केलं?’

हे न्यायालय आपल्या मातीतलंच आहे. ताडोब्याच्या आसपास राहणाऱ्यांनी वाघाने गाय नेलेली पाहिली आहे. गाय गेल्याचं दुःख होतं, पंचनामा होतो, नुकसानभरपाईचा अर्ज जातो. पण वाघाने पाप केलं असं कोणी म्हणत नाही. पंचतंत्रात मात्र पिंगलक सिंह संजीवक बैलाला मारतो तेव्हा आपण बोट दाखवतो ते दमनक कोल्ह्याकडे, ज्याने नखही लावलेलं नाही. कारण लेखकाने दमनकाला विचार करायची शक्ती दिली आहे. दोन मित्रांत फूट कशी पाडायची याचा तो हिशेब मांडतो, आपल्या सोबत्याला, करटकाला, तो समजावूनही सांगतो. बुद्धी दिली त्या घडीला लेखकाने त्याच्या मानेवर जबाबदारीचं जूही ठेवलं.

कायद्याचंही म्हणणं यापेक्षा फार वेगळं नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे: सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाबाबत, आपण काय करतोय आणि त्याचा परिणाम काय, हे उमजण्याइतकी त्याची समज पिकली होती का, हे पाहिलं जातं. वेडाच्या भरात, कृत्याचं स्वरूपच कळत नसताना घडलेल्या गोष्टीलाही सूट आहे. आपला गडी बहुधा इथे सुटेल. दारूचं कलम मात्र मला सगळ्यांत नाट्यमय वाटतं. कोणी तुम्हाला नकळत किंवा जबरदस्तीने पाजली असेल आणि त्या नशेत काही समजेनासं झालं असेल, तर गोष्ट वेगळी. पण स्वतःहून प्यायलात, तर शुद्धीत असताना जेवढं कळलं असतं तेवढं नशेतही कळत होतं, असं कायदा धरून चालतो.

इथे राम गणेश गडकऱ्यांची आठवण येणारच. २३ जानेवारी १९१९ ला ते गेले ते आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला. त्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर हा वकील. म्हणजे युक्तिवाद हा त्याचा धंदाच. सनद गेल्याचा अपमान विसरायला तो पहिला पेला घेतो. पाजणारा तळीराम, पण हात सुधाकरचा, आणि त्या क्षणी तो पूर्ण शुद्धीत आहे. पुढे नशेत त्याच्या काठीने स्वतःचं तान्हं मूल मरतं. काठी उगारताना त्याला काय समजत होतं, या प्रश्नात मला फारसा रस नाही. त्याचा खटला मी पहिल्या पेल्यापासून चालवीन.

पण गडकरी इथे थांबत नाहीत. दारूबाजाची पायरीपायरीने कशी अधोगती होते, हे सुधाकर आपल्या मित्राला, रामलालला, इतकं नेमकं समजावून सांगतो की व्यसनमुक्तीवर बोलणाऱ्याने ते उतारे पाठ करावेत. स्वतःला इतकं स्वच्छ पाहणारा माणूस! आणि तरी तो सुटत नाही. आपण इथे हळवे होतो. ‘त्याला स्वतःचं कळतंय, म्हणजे तो मनाने चांगला आहे’, असं म्हणून टाकतो. नव्या नाटकांत तर हा रोगच झालाय: खलनायकाला शेवटच्या अंकात एक रडकं भाषण द्यायचं आणि प्रेक्षकांकडून माफी वसूल करायची. मला हे पटत नाही. कळण्याने दोष हलका होत नाही. माफीचा विचार करायचाच तर तो कळल्यानंतर त्या माणसाने काय केलं यावरून करावा. सुधाकरने सोडायचा प्रयत्न केला, शपथ घेतली, पुन्हा पडला. म्हणून त्याच्यासाठी जीव तुटतो. दिवाणजीने नुसता रुमाल ओला केला.

तळीरामाकडेही बुद्धी कमी नाही. पिण्याच्या बाजूने तो असे मुद्दे मांडतो की प्रेक्षागृह हसून लोळतं. विचारशक्तीचं हे दुसरं रूप आहे. आधी मनात येईल ते करायचं ठरवायचं, मग त्याला कारणं जोडायची. अशा पात्राची बुद्धी जितकी तल्लख, तितका त्याचा गुन्हा मी मोठा धरतो.

महाभारतातल्या द्यूतसभेत तर सगळेच जाणते बसले होते. द्रौपदीने विचारलं, आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा हक्क होता का? तर्काने बिनतोड प्रश्न. भीष्मांसारखा ज्ञानी म्हणाला, धर्माची गती सूक्ष्म आहे. उभा राहिला तो दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण. हे चूक आहे, द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असं त्याने भर सभेत सांगितलं. कर्णाने त्याला पोर म्हणून गप्प केलं.

आणि मग हाच विकर्ण कुरुक्षेत्रावर कौरवांच्याच बाजूने लढला. सगळ्या कौरवांना मारायची भीमाची प्रतिज्ञा होती, तिच्यात तोही गेला. दंडारीत, आपल्या या लोकनाट्यात, द्रौपदीचं वस्त्रहरण अनेकांनी पाहिलं असेल, पण विकर्णाकडे आपलं लक्ष जात नाही. मी त्याला भीष्मांच्या वर बसवतो, तरी निर्दोष म्हणत नाही. भाऊबंदकीचा ओढा मोठा असतो, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. पण भर सभेत तोंड उघडल्यावर, ‘आपली बाजू खोटी आहे हे मला माहीत नव्हतं’, असं म्हणायची सोय त्याला उरली नव्हती. रथावर चढताना त्याच्या मनात काय चाललं होतं, ते कोणीतरी आपल्या बोलीत लिहायला हवं.