जुन्नरला घाटवाटेनं जा

मंडळी, जुन्नर पाहून आलो असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, नाणेघाट पाहिलात का? उत्तर बहुधा एकच येतं: वेळच उरला नाही. सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्री, जाता जाता ओझरचा विघ्नहर, की गाडी परतीला लागते. ही ठिकाणं पाहायलाच हवीत. पण एकदा क्रम उलटा करून बघा. आधी घाट, मग गाव. कारण जुन्नर वाढलं ते या घाटाच्या जिवावर.

सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल सातवाहनांच्या काळात याच वाटेनं देशावर चढायचा आणि जुन्नरवरून पुढे पैठणकडे जायचा. आजही कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या वैशाखऱ्याहून तुम्ही ती वाट चढू शकता. माथ्यावर एक दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून ओळखला जाणारा. त्याच्या जरा खाली लेणं. आत भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख कोरलाय. यज्ञ, दानं आणि त्यांचे आकडे. आपल्या अंकांची इतकी जुनी रूपं फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतात.

समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. सिमुक, सातकर्णी, नागनिका, राजकुमार, वर प्रत्येकाचं नाव. मूर्ती गेल्या. राहिली नावं, आणि खाली नुसती पावलं. त्या पावलांपुढे मी दर वेळी जरा थांबतो.

मग घाटघरवरून जुन्नरला उतरा. गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. देशात एका गावाभोवती इतकी कुठेच नाहीत. ती खोदायला पैसा कुणी दिला, हे लेखांतच लिहिलंय. कासारांच्या आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणी, म्हणजे व्यवसायसंघ, त्यात आहेत, आणि यवनही आहेत, म्हणजे ग्रीकांसारखे पश्चिमेकडून आलेले परदेशी. इरिल नावाच्या एका यवनानं भिक्षूंसाठी पाण्याची दोन टाकी दिली. लेखातले शब्द आहेत ‘बे पोढियो’. पोढी म्हणजे टाकं. आणि ‘बे’? आपण पाढे म्हणताना ‘बे एके बे’ म्हणतो ना, तोच हा बे! दोन हजार वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाच्या दानलेखात तो कोरला गेलाय. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

तुळजा लेण्यातलं गोल चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, वेळ काढून पाहा. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीणही याच तालुक्यात आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. मुलं बरोबर असतील तर तिकडेही जा.

शिवनेरी मात्र शेवटी चढा. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवराय जिथे जन्मले, त्या वास्तूपाशी डोकं टेकवा. गंगा-जमुना टाक्यांचं गार पाणी बघा. ऐन उन्हाळ्यातही ते असतं. कातळात पाणी धरून ठेवण्याची ही विद्या इथे इरिलाच्याही काळापासून नांदतेय. पाऊस सरल्यावर हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला चावंडचा किल्ला दिसेल, त्यामागे जीवधनचा. जीवधनाच्या पायथ्याशीच तो घाट आहे, जिथून तुम्ही सकाळी निघालात.