सेवा क्लबांची पहिली कामे

श्रोतेहो, नमस्कार.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोमध्ये पॉल हॅरिस या वकिलाने आपल्या तीन स्नेह्यांना एकत्र बोलावले आणि त्यातून पहिला रोटरी क्लब उभा राहिला. आरंभी मंडळी आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमत आणि परस्परांच्या व्यवसायाला हातभार लावीत. समाजसेवा नंतर आली, हे मोकळेपणाने सांगायला हवे, कारण ती ज्या कामातून आली ते काम फार बोलके आहे.

१९०७ मध्ये क्लबने शहराच्या मध्यवस्तीत सार्वजनिक स्वच्छतागृह असावे, अशी मागणी लावून धरली. तिला विरोध झाला. बिअर उत्पादकांचे म्हणणे असे, की पुरुषांची सोय दारूच्या गुत्त्यांत आहेच. आणि बड्या दुकानदारांचे म्हणणे असे, की स्त्रियांची सोय आमच्या दुकानांत आहे. पण गुत्त्यात पाऊल टाकायचे तर आधी पेला विकत घ्यावा लागे आणि दुकानात शिरायचे तर काहीतरी खरेदी करावी लागे. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याने काय करायचे, हा क्लबचा प्रश्न होता. इतर संस्थांना सोबत घेऊन सभासदांनी नगर प्रशासनाकडे चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९०९ मध्ये ते स्वच्छतागृह उभे राहिले. स्वतः एखादी खोली बांधून त्यावर नावाची पाटी लावणे कदाचित सोपे गेले असते. क्लबने ती जबाबदारी शहराला घ्यायला लावली, हे मला अधिक मोलाचे वाटते.

हीच रीत पुढे लायन्स क्लब या दुसऱ्या सेवा क्लबच्या एका कामात दिसते. १९२५ मध्ये अंध आणि बधिर असलेल्या अमेरिकी लेखिका हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले होते. त्यानंतर पाच वर्षांनी, इलिनॉय राज्यातील पिओरिया गावी, काळी काठी टेकत रस्ता ओलांडू पाहणारा एक अंध माणूस तेथील क्लबचे जॉर्ज बोनहॅम यांच्या दृष्टीस पडला. डांबरी रस्त्यावर काळी काठी मोटारचालकांना दिसेना. क्लबने काठ्या पांढऱ्या रंगवून त्यांवर लाल पट्टा काढला आणि अंधांना वाटल्या. मात्र काठी दिसली तरी गाडी थांबेलच असे नाही, हे ओळखून त्यांनी नगरपरिषदेकडे धाव घेतली. डिसेंबर १९३० मध्ये पिओरियात नियम झाला, की पांढरी काठी घेतलेल्या अंध व्यक्तीला रस्ता ओलांडताना वाहनांनी वाट दिलीच पाहिजे. पुढे अमेरिकेतील इतर राज्यांनीही तसे कायदे केले.