शेजारच्या घरातली मारहाण आणि एचआयव्ही: वस्तीत काम कसं उभं करायचं

नमस्कार.

कंडोम वापरा, तपासणी करून घ्या, गोळ्या चुकवू नका, हे तुम्ही अनेकदा ऐकलंय. सगळं बरोबरच आहे. पण ज्या घरात बाईला मार बसतो, तिथे यातली एकही गोष्ट तिच्या हातात नसते. म्हणून आज मारहाणीबद्दल बोलू आणि चाळीतल्या, वस्तीतल्या लोकांनी ती कशी थांबवायची, त्याबद्दल. मुंबईत महिला मंडळ, गणेशोत्सव मंडळ, बचत गट किंवा आरोग्य केंद्रात काम करणाऱ्यांसाठी हा व्हिडिओ आहे.

आधी एक आकडा. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातल्या २८ हजारांहून जास्त विवाहित स्त्रियांची माहिती तपासून २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नवऱ्याकडून मारहाण आणि लैंगिक जबरदस्ती दोन्ही सोसणाऱ्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.७३ टक्के होतं. असा काहीच त्रास नसलेल्यांमध्ये ०.१९ टक्के.

[पडद्यावर: ०.७३ टक्के / ०.१९ टक्के]

इतर फरक हिशेबात घेतल्यावरही धोका जवळजवळ चौपट निघाला. असं का होतं? जबरदस्तीच्या संबंधात योनीमार्गाला जखमा होतात आणि विषाणूला वाट मिळते, हे एक. पण आमच्या मते जास्त महत्त्वाचं दुसरंच आहे. बायकोला मारणाऱ्या पुरुषांचे बाहेर संबंध असण्याचं आणि त्यांना स्वतःला लागण झालेली असण्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे ज्या बाईच्या आयुष्यात एकच पुरुष आहे, तिचा धोका त्याच पुरुषाकडून येतो. ती कंडोमचं नाव काढते, तर "माझ्यावर संशय घेतेस? की तुझंच बाहेर काही आहे?" असं ऐकते आणि वर एक थोबाडीत. ती तपासणीला जात नाही, कारण रिपोर्ट घरी कळला तर काय होईल हे तिला पक्कं माहीत असतं. लागण झालेली असली तर गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात लपवावी लागते आणि डोस चुकतात. डोस चुकले की रक्तातला विषाणू पुन्हा वाढतो.

आता बघा, हे सगळं घडतं दहा बाय दहाच्या खोल्यांत. मधे पत्र्याची भिंत. शेजारच्या पाच घरांना शब्द न शब्द ऐकू जातो. तरी कुणी येत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सात कारणं वाचून दाखवली होती. न सांगता बाहेर गेली, घराकडे-मुलांकडे दुर्लक्ष केलं, उलट बोलली, स्वयंपाक नीट केला नाही, सासरच्यांचा मान ठेवला नाही, नवऱ्याला तिच्यावर संशय आहे, आणि तिने संबंधांना नकार दिला. यातल्या निदान एका कारणासाठी नवऱ्याने मारणं योग्य आहे, असं देशातल्या सुमारे ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी म्हटलं. त्या सातव्या कारणाकडे नीट बघा. नकार दिला म्हणून मार बसणार असेल, तर कंडोम कपाटात असून काय उपयोग?

याच आकड्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. निम्म्याहून जास्त लोकांना यातलं एकही कारण पटलेलं नाही. मग तेही गप्प का बसतात? कारण प्रत्येकाला वाटतं की आपल्या एकट्यालाच हे पटत नाही, बाकी सगळ्यांना चालतं. "नवरा-बायकोचं भांडण, आपण मध्ये पडलो तर चार लोक आपल्यालाच बोलतील." हे चार लोक काय म्हणतील याबद्दलची समजूत, सामाजिक रूढी म्हणतात ती हीच. एकट्या माणसाचं मत बदलून ती हलत नाही. आपल्या लोकांपैकी बऱ्याच जणांना हे आवडत नाही, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं लागतं.

हे खरंच घडवता येतं का? युगांडाच्या कंपाला शहरात 'रेझिंग व्हॉइसेस' संस्थेने वस्तीतली मारहाण रोखण्यासाठी 'सासा!' नावाची पद्धत तयार केली. आठ वस्त्या घेतल्या. चारमध्ये काम केलं, चारमध्ये नंतर करायचं ठरवलं, आणि चार वर्षांनी तुलना केली. २०१४ मध्ये निकाल आले. काम झालेल्या वस्त्यांत वर्षभरात मारहाण सोसलेल्या स्त्रियांचं प्रमाण ५२ टक्क्यांनी कमी होतं. वस्त्या फक्त आठच असल्याने संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा आकडा पक्का धरता येत नाही, हे लक्षात ठेवा. पण दोन गोष्टी त्या कसोटीवर उतरल्या. मारहाण योग्य मानणाऱ्या स्त्रिया बऱ्याच कमी झाल्या. आणि वर्षभरात दुसरे संबंध ठेवल्याचं सांगणारे पुरुष तुलनेच्या वस्त्यांत ४५ टक्के होते, तर काम झालेल्या वस्त्यांत २७ टक्के. युगांडातल्याच राकाई जिल्ह्यात 'शेअर' नावाच्या कार्यक्रमाने मारहाण रोखण्याचं काम एचआयव्ही सेवांना जोडलं. २०१५ च्या निकालात तिथे एचआयव्हीची नवी लागण सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसली. दक्षिण आफ्रिकेतल्या 'स्टेपिंग स्टोन्स' या अशाच कार्यक्रमात मात्र पुरुषांकडून होणारी हिंसा आणि जननेंद्रियावरच्या नागिणीची लागण कमी झाली, एचआयव्हीत ठोस फरक दिसला नाही. म्हणजे वाट बरोबर आहे, पण चार बैठका घेऊन पोचता येईल इतकी जवळची नाही.

आपल्याकडेही पाया आहे. 'यारी दोस्ती' हा कार्यक्रम कोरो आणि पॉप्युलेशन कौन्सिल या संस्थांनी मुंबईच्या वस्त्यांतल्या तरुणांबरोबर केला, ब्राझीलच्या 'प्रोग्राम एच' या तरुण पुरुषांसाठीच्या कार्यक्रमावरून घेऊन. त्यात कंडोमचा वापर वाढला आणि जोडीदारावर हात उचलल्याचं सांगणारे कमी झाले.

आता प्रत्यक्ष काम. समजा तुमची वस्ती ५०० घरांची आहे.

पहिले तीन-चार महिने पोस्टर नाही, पथनाट्य नाही, सभा नाही. हे कार्यकर्त्यांना सगळ्यात जड जातं. या काळात मदतीची साखळी बांधायची. जवळच्या पालिका रुग्णालयात मारहाण सोसणाऱ्या बायकांना मदत करणारं 'दिलासा' केंद्र आहे का? २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हे केंद्र पालिका आणि सेहत ही संस्था यांनी मिळून सुरू केलं, नंतर पालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं आली. तिथे जाऊन समुपदेशक ताईंना भेटा, वेळा लिहून घ्या. एचआयव्ही तपासणीचं आयसीटीसी केंद्र कुठे, एचआयव्हीच्या गोळ्या देणारं एआरटी केंद्र कुठे, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण अधिकारी कोण, पोलीस ठाण्यात महिला कक्षात कोण बसतं, सगळं एका कागदावर. हे आधीच का? कारण तुम्ही बोलायला लागलात की पहिल्याच महिन्यात चार बायका तुमच्याकडे येतील. त्यांना पाठवायला जागा नसेल, तर त्यांनी तोंड उघडल्याचा मार त्यांनाच बसेल.

याच काळात माणसं निवडा. १० ते १२ पुरेत, निम्मे पुरुष, निम्म्या बायका. पक्षाचे पदाधिकारी टाळा. लोक अडीनडीला कुणाकडे जातात ते विचारा: किराणावाला, रिक्षा स्टँडवरचा एखादा, बचत गटाची ताई, व्यायामशाळेतला दादा. पुरुष निवडताना त्याच्या गल्लीतल्या बायकांना एकेकटं गाठून विचारा. घरी हात उचलणारा माणूस मंचावर दिसला की सगळं काम तिथेच संपतं, वस्तीला त्याचं घर ठाऊक असतं.

मग गप्पा सुरू करायच्या. पाच मिनिटांच्या, जिथे माणसं आधीच थांबलेली असतात तिथे: टपरीवर, नळावर, मंडळाच्या ऑफिसात कॅरम चालू असताना. सुरुवात मारहाणीने करू नका आणि एचआयव्हीने तर मुळीच नाही. एचआयव्हीचं नाव पहिल्याच दिवशी काढलं की "आमच्याकडे तसले लोक नाहीत" म्हणून दार बंद होतं. प्रश्न विचारा. "घरात कोणाचं चालतं? पगार आल्यावर तो कुणाच्या हातात जातो? तुमच्या आईला माहेरी जायचं असलं तर विचारावं लागायचं का? मग तिला कसं वाटत असेल?" आणि थांबा. उत्तर तुम्ही द्यायचं नाही. हीच सगळ्यात अवघड सवय आहे, कारण आपल्याला प्रवचन द्यायची घाई असते. दोन-तीन महिन्यांनी त्याच माणसांशी पुढचा प्रश्न: "घरात एकाचंच चालतं, तिथे दुसऱ्याला नाही म्हणता येतं का? कंडोम वापर म्हणता येतं का?" इथे एचआयव्ही आपोआप येतो, आणि तेव्हा कुणी उठून जात नाही.

गटात एक प्रयोग करा. १५-२० जण, दोन डबे, प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या, नाव लिहायचं नाही. पहिल्या चिठ्ठीवर: जेवायला उशीर झाला म्हणून नवऱ्याने थोबाडीत मारली, हे तुम्हाला पटतं का? हो किंवा नाही. दुसरीवर: इथल्या बाकीच्यांपैकी किती जणांना पटत असेल? चिठ्ठ्या मोजा, पण आधी मनातल्या मनात. बहुतेकांनी स्वतःपुरतं "नाही" लिहिलं असेल आणि बाकीच्यांना पटतं असा अंदाज केला असेल, तर दोन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि लोकांना ते बघू द्या. उलट, "हो"च जास्त निघाले तर ते अजिबात जाहीर करू नका. तसं केलं तर "सगळे आपल्यासारखेच आहेत" हा दिलासा मारणाऱ्यालाच मिळतो. त्या गटाला अजून सहा महिने गप्पांची गरज आहे.

पोस्टरमध्येही हीच चूक होते. "दर तीनपैकी एका बाईला मार बसतो" आणि खाली सुजलेला डोळा. हेतू चांगला, पण वाचणारा काय घेतो? हे सगळीकडेच होतं, मग माझंच काय चुकलं. त्याऐवजी चित्रात शेजारी दार वाजवताना दाखवा, गल्लीतली माणसं जमलेली दाखवा, नवरा-बायको दोघं मिळून तपासणी केंद्रात बसलेली दाखवा.

आणि आवाज ऐकू आला तर काय करायचं, याचा सराव करून घ्या. दार वाजवा, काहीही निमित्त काढा: पाणी आलंय, चार्जर हवाय, मीटर बघायचाय. एकट्याने जाऊ नका. तो प्यायलेला असेल तर वाद घालू नका, भांडण तुटणं एवढंच त्या क्षणी हवं. शस्त्र असेल तर आत जायचं नाही, पोलिसांचा ११२ किंवा १०३ लावायचा. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर एखाद्या बाईने तिच्याकडे जावं आणि "तुला काय हवंय?" एवढं विचारावं. "सोड त्याला" हा सल्ला देऊ नका. घर सोडण्याची वेळ सगळ्यात धोक्याची असते, ती तयारीनेच व्हायला हवी. आणि दोघांना समोरासमोर बसवून तडजोड? नको. त्याच्यासमोर ती खरं बोलणार नाही, आणि बोलली तर रात्री भोगेल.

जबरदस्ती झाली असेल तर घड्याळ बघा.

[पडद्यावर: ७२ तास]

एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या, म्हणजे पेप, ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तरच उपयोगी. जितक्या लवकर तितकं बरं, पहिल्या दोन तासांत मिळाल्या तर उत्तम. कोर्स पूर्ण २८ दिवसांचा. मळमळते म्हणून मध्येच बंद केल्या की उपयोग राहत नाही, त्यासाठी डॉक्टर वेगळं औषध देतात. बलात्कार पीडितेवर तातडीचे उपचार मोफत करणं सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांना कायद्याने बंधनकारक आहे. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण एफआयआरची वाट बघत उपचार थांबवता येत नाहीत. लग्नाअंतर्गत जबरदस्तीला आपला फौजदारी कायदा अजूनही बलात्कार मानत नाही, आणि हे आम्हाला चूक वाटतं. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ येतो, आणि पेप विचारायला तर लग्नाचा काही संबंधच नाही. तिने डॉक्टरांना सरळ सांगावं.

समुपदेशकांसाठी एक गोष्ट. बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की "नवऱ्याला घेऊन या" हे वाक्य लगेच तोंडात येतं. त्याआधी विचारा: घरी कळलं तर काय होईल असं तुला वाटतं? २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार, जोडीदाराला सांगितल्याने तिच्यावर हिंसा होईल किंवा तिला घराबाहेर काढलं जाईल अशी रास्त भीती असेल, तर आरोग्य कर्मचाऱ्याने त्याला कळवायचं नाही. गोळ्या कुठे ठेवणार, केंद्राचा फोन कोणत्या नावाने सेव्ह करणार, मेसेज कोण वाचतं, हे त्याच बैठकीत ठरवा. तिच्याकडे स्वतःचा फोन नसेल तर घरी फोन करायचाच नाही, पुढच्या भेटीची तारीख तोंडी द्यायची.

एचआयव्हीबद्दल मोफत माहितीसाठी १०९७ आणि महिलांच्या मदतीसाठी १८१. दोन्ही नंबर बचत गटाच्या वहीच्या मागच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशेबाखाली लिहून ठेवा. ती वही नवरा सहसा उघडत नाही.